लागू नाही

“हिचं रगत तपास गं लेकी,” दत्तोबा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत बसले.

पोस्टरवर एक तरुण जोडपं हसत होतं. आमच्या खोलीतल्या सगळ्या पोस्टरवर तरुण जोडपीच हसतात. चौदा वर्षांत मला त्यात काही खटकलं नव्हतं.

दाराच्या चौकटीला धरून एक बाई उभी होती. पंचावन्न-साठीची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एक हात पदराखाली बरगडीवर दाबून धरलेला.

“ही गंगी. वरच्या ठाकरवाडीतली. बंगल्यावर झाडलोट करती,” दत्तोबा म्हणाले. “अशक्तपना लय आलाय तिला. तेवढं रगत बग.”

“अशक्तपणाचं रक्त खाली तपासतात, आबा. इथे कसलं तपासतात ते तुम्हाला माहीत आहे.”

मी गंगीला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

लोणावळ्याच्या बाजारामागे एका संस्थेचा दवाखाना आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावरची ही खोली. पाटीवर नुसता सात आकडा आहे. एचआयव्हीची तपासणी आणि गोळ्या इथे मिळतात हे ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांनी कळून घ्यायचं कारण नाही. मी इथली समुपदेशक. नाव भारदस्त, काम बोलण्याचं. ट्रकवाले, हॉटेलांतले वेटर, नुकतं लग्न झालेल्या पोरी, सगळ्यांशी मी अगदी उघडं बोलते. ते लाजतात, मी लाजत नाही. ‘सारिका मॅडमना भीडभाड म्हणून नाही’ असं लोक माझ्या पाठीमागे बोलायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

दत्तोबा माझ्या पहिल्या वर्षातले पेशंट. टाकवे बुद्रुकचे. आधी ट्रक चालवायचे, नंतर दुधाचा टेम्पो. बायको विठाबाई खोकून खोकून गेली, त्यानंतर यांची तपासणी झाली. गेली आठ वर्षं ते भुशीच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यावर रखवालदार होते. मालक मुंबईचा, वर्षातून चारदा येणारा. तिसऱ्या-चौथ्या भेटीलाच मी त्यांना आबा म्हणायला लागले आणि ते मला लेकी. दर दिवाळीनंतर नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी आणून गुपचूप टेबलाखाली ठेवायचे. माझे वडील गेले तेव्हा आमच्या गावी, बेडशाला, दहाव्याला आले होते. कुणी विचारलं तर ‘वळखीचा हाय’ एवढंच सांगून, पाण्याचा घोटही न घेता परत गेले, मला कुणी काही विचारू नये म्हणून. असा माणूस.

“आबा, ती तुमची कोण?”

“सांगितलं की. झाडायला येती.”

“झाडायला येणाऱ्या बाईला कुणी या खोलीत आणत नाही.”

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा उचलली. “तिला नागीन झालीय,” ते म्हणाले. “हितं, बरगडीला. गेरू लावला, दोनदा मंतरून उतरवली. तोंड शेपटीला मिळंल म्हून ती भ्यालीय. मला त्येचं भ्या न्हाई. ती नागीन कसली ते मला ठावं हाय. विठाबाईला अशीच झालती. आदी नागीन, मंग ताप, मंग खोकला.”

बाहेर बाकावर बसलेली बाई कोण, हे आता विचारायचं उरलं नव्हतं.

“किती वर्षं झाली, आबा?”

“पाचेक झाली आसतील.”

पाच वर्षं. म्हणजे पाच वर्षं हा माणूस महिन्याच्या महिन्याला माझ्यासमोर याच खुर्चीत बसत होता आणि मी त्याला पाय दुखतो का, भूक लागते का, झोप येते का, सगळं विचारत होते. आमचा एक फॉर्म असतो, दर भेटीला भरायचा. त्यात दोन प्रश्न असतात. सध्या जोडीदार आहे का, आणि निरोध वापरता का. तरुणांना ते मी तोंडावर विचारते. समोरच्याचे केस पांढरे दिसले की माझं पेन आपोआप ‘लागू नाही’ लिहून पुढे सरकायचं. विधुर माणूस, साठी उलटलेला, त्यात ज्याला आबा म्हणायचं त्याला निरोधाचं विचारायचं? जीभच रेटायची नाही. साठीनंतर माणूस देवळाकडे वळतो असं आपण परस्पर ठरवून मोकळे होतो. आमचे डॉक्टरही तेच धरून चालायचे. ज्यांना आम्ही आबा आणि मावशी म्हणत होतो त्यांना म्हणता म्हणताच आम्ही सोवळं करून टाकलं होतं.

तरी एक वेळ ते निभावलं असतं. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू दिसेनासा झाला, आणि तसाच राहिला, की त्या माणसाकडून जोडीदाराला लागण होत नाही. दत्तोबांचा विषाणू वर्षानुवर्षं दिसत नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी आषाढात ते बंगल्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरले आणि पायाचं हाड मोडलं. मुलगा निलेश त्यांना टाकव्याला घेऊन गेला. घरात आजार कुणालाच माहीत नव्हता. जवळच्या गोळ्या संपल्या, आणायला पाठवायचं कुणाला? मी फोन केला की सून उचलायची, आणि मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून द्यायचे. दिवाळी उलटल्यावर ते काठी टेकत परत आले तेव्हा रक्तातल्या विषाणूचा आकडा लाखाच्या वर गेला होता. मी त्यांना फैलावर घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या, सहा महिन्यांत आकडा खाली आणला आणि माझी मीच पाठ थोपटून घेतली.

त्या सहा महिन्यांत एक वाक्य बोलायचं होतं. आबा, आकडा खाली येईपर्यंत निरोधाचं पाकीट वापरल्याशिवाय कुणाच्या जवळ जाऊ नका. एवढंच. ते मी बोलले नाही. ते सगळे फॉर्म अजून कपाटात आहेत आणि त्यांवर ‘लागू नाही’ लिहिलेलं अक्षर माझंच आहे.

“तो पाय मोडला होता तेव्हा...” मी म्हणाले.

“तीच तेल लावायची पायाला, मी बंगल्यावर परत आल्यावर. दुसरं कोन व्हतं?” ते टोपीची कड चाचपत म्हणाले. “मानूस हाय, लेकी.”

“मला सांगायचं होतं तुम्ही. एकदा तरी.”

“तू इचारलंस का?”

आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. “आन इचारलं आसतंस तरी काय सांगनार व्हतो? लेकीला असलं कसं सांगाचं? दुसरी कुनी बाई आसती हितं, तर येक वेळ बोललो आसतो. तुला लेकी म्हनून बसलो ना मी.”

आमची दोघांची अळीमिळी गुपचिळी, आणि त्याचं फळ तिसरीच्याच बरगडीवर.

“तिला अशक्तपनाचं म्हनून सुई टोच,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “काय निगालंच तर मंग बगू.”

“न सांगता तिचं रक्त घेता येत नाही. कायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी घेतलं नसतं. तिला सांगावं लागेल, आबा. आणि तुमचा आजार मी सांगू शकत नाही. तो तुम्हीच सांगायचा.”

“ती जाईल.”

“जाईलही.”

“झाकली मूठ हाय लेकी. ऱ्हाऊ दे की झाकलेली.”

“मूठ तुमची आहे. अंग तिचं आहे.”

हे मी जरा कडकच बोलले. ज्या बाईने पाच वर्षं एक प्रश्न विचारला नाही तिने इतकं कडक बोलावं याचं मलाच वाईट वाटलं. दत्तोबांनी टोपीने डोळे टिपले आणि म्हणाले, “बलाव तिला.”

गंगी आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली. खालच्या चिक्कीच्या भट्टीतून गुळाचा वास येत होता. “काय म्हनती ही बाय, दत्तोबाभाऊ?” तिने विचारलं.

“मी हितनं गोळ्या न्हेतो ना,” दत्तोबा फरशीकडे बघत म्हणाले. “त्या शुगरच्या न्हाईत.”

“ते ठावं हाय मला. च्यात तीन चमचं साखर घालतोस तू. शुगरवाला कुटं असा च्या पितो?”

भाऊवरून ती तूवर आली होती आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. दत्तोबांना हसू आलं, पण ते ओठांवरच मोडलं.

“मंग कसल्या हायेत?” गंगीने विचारलं.

“विठाबाई ज्यानं गेली, त्याच्या.”

“ती खोकल्यानं गेली म्हनला व्हतास.”

“खोकला वरचा. आत दुसरं व्हतं.”

गंगीला वाचता येत नव्हतं, पण भिंतीवरच्या तांबड्या फितीच्या चित्राकडे तिने बोट केलं. “आमच्या वाडीत ती पोरगी यायची, छातीला असली फीत लावून. एड्सचं सांगायला. त्येचं का?”

“व्हय.”

मी मध्ये बोलायला हवं होतं, तेच माझं काम. पण गंगीचा चेहरा बघून मी गप्प राहिले.

“मला कदी सांगनार व्हतास?” ती म्हणाली. “माज्या हातची भाकर खात व्हतास, तवा का न्हाई बोललास? तेल चोळत व्हते, तवा?”

“मला वाटलं, गोळ्या चालू हायेत तवर तुला काय व्हत न्हाई. तसं न्हाईच व्हत म्हंत्यात. पन गावाकडं पाच म्हयनं बंद पडल्या. मंग परत आलो, तवा मला कुनी...”

तिथे ते थांबले. ‘मला कुणी सांगितलं नाही’ हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यासाठी म्हणून त्यांनी ते गिळलं, आणि मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गंगीने बांगड्या मागे सारल्या आणि हात टेबलावर ठेवला. “घे बाय रगत,” ती मला म्हणाली.

रक्त तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात. तास गेला. दत्तोबा खाली जाऊन चहाच्या टपरीपाशी बसले, गंगी वर बाकावर. मी इतर पेशंटचे कागद हातात घेतले आणि एकही वाचला नाही. लॅबमधून रिपोर्ट आला तेव्हा तिन्ही किटचं उत्तर एकच होतं.

मी गंगीला एकटीलाच आत घेतलं.

“निगालं ना?” मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं.

“हो मावशी.”

तिने पदर सारखा केला. “किती दिस हायेत?”

“दिवस नाहीत, वर्षं आहेत. रोज एक गोळी, चुकवायची नाही. फुकट मिळते. आबा किती वर्षं घेताहेत, तुम्ही बघताच आहात. आणि नागिणीचंही औषध आजच देतील डॉक्टर. तोंड शेपटीला मिळून कुणी मरत नाही.”

“मंग बरं.”

“मावशी, हे माझ्यामुळे झालं,” मी म्हणाले. असं पेशंटला सांगायचं नसतं, प्रशिक्षणात तसं बजावलेलं आहे. “मी त्यांना विचारायला हवं होतं. तेवढ्यासाठीच मला इथे बसवलंय.”

“तू काय केलंस?”

“काहीच केलं नाही. तेच.”

तिने मला माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. तिचं मन दुसरीकडेच होतं. “त्याला सांगशील तू?” तिने विचारलं.

“नाही. तुमचा रिपोर्ट तुमचा. पण तुम्ही त्यांना सांगितलंत तर बरं, मावशी. दोघांनी मिळून औषध घेतलं तर—”

“न्हाई सांगाचं.”

“का?”

“आईक. त्याला कळलं ना, तर तो मला काय बोलायचा न्हाई. लाजंनंच मरंल. माज्याकडं बगायचा न्हाई. येक बायकू त्याच्यापायी गेली, आता ही दुसरी. उटून टाकव्याला जाईल आन तितं भिंतीकडं तोंड करून बसंल. मंग माज्याजवळ काय ऱ्हायलं? ह्यो रोग, आन येकटीचं मरान.” तिचा आवाज इथे पहिल्यांदा चिरकला. “रोग आला तो आला, बाय. मानूस जाया नको.”

मी समुपदेशक आहे. अशा वेळी काय बोलायचं याची माझ्याकडे छापील पुस्तिका आहे. ती ड्रॉवरमध्येच राहिली.

“त्याचा वार कंचा आस्तो हितं?” गंगीने विचारलं.

“मंगळवार.”

“मंग मला शुक्करवारी बलावत जा.”

“पण गोळ्यांची डबी तीच असते, मावशी. त्यांना दिसली तर लगेच ओळखतील.”

“वाडीवर ठिवीन की. तितं त्यो येत न्हाई.”

“कधीच?”

“पाच वर्सांत येकदा न्हाई. ठाकराच्या दारात त्याची जात आडवी येती ना.”

हे ती रागाने म्हणाली नाही. वाट कुठे वळते हे सांगावं तसं सांगितलं, आणि त्या आडव्या जातीचा आज आपल्याला उपयोग होतोय याचं तिला समाधानच वाटत असावं. दत्तोबांवर माझी माया आहे, तरी त्या वेळी मला त्यांचा राग आला.

मी नवा फॉर्म काढला. नाव, गाव, वय. वय तिला नक्की ठाऊक नव्हतं, आम्ही अंदाजे अठ्ठावन्न लिहिलं. मग तो प्रश्न आला आणि मी पेन थांबवून विचारलं, “सध्या जोडीदार आहे का, मावशी?”

“लिव्ह,” ती म्हणाली. “हाय.”

दुसरा प्रश्नही विचारला. निरोध कशासाठी, कसा, दोघांना आजार असला तरी का वापरायचा, आणि आकडा खाली येईपर्यंत तर का चुकवायचा नाही, सगळं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. “त्याला सांग ते,” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. दत्तोबा कठड्याला धरून धरून वर आले आणि दारात उभे राहिले. विचारायचं धाडस त्यांना होईना, नुसते गंगीच्या तोंडाकडे बघत होते.

“काय न्हाई,” गंगी म्हणाली. “रगत कमी हाय म्हनती. लोवाच्या गोळ्या घ्या म्हनली. आन ती नागीन साधीच हाय, उष्णतेची.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. टेबलाचा ड्रॉवर उघडून उगाच त्यात काहीतरी शोधत राहिले. त्यांना तेवढं पुरलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांचे दोन्ही खांदे गदगदायला लागले. मग त्यांनी आधी वर छताकडे हात जोडले आणि नंतर मला.

“लेकी, तुजं उपकार झालं.”

“माझे कसले उपकार, आबा.”

“न्हाई, तू हैस म्हून. दुसऱ्या कुनाकडं मी तिला आनलं नसतं.”

गंगी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

जरा वेळाने दत्तोबांनी उठून दार लावून घेतलं. त्यांचे कान लाल झाले होते. “आता ते दे,” ते म्हणाले.

“काय?”

“ते पाकीट. पोरास्नी देतीस ते.” आणि मी काही बोलायच्या आत घाईघाईने म्हणाले, “आजपतोर झालं ते झालं. देवानं राखलं तिला. पन आता माज्याकडनं तिला काय व्हाया नको. लेकी म्हनतो म्हून लाजू नगंस. नीट दाव मला, कसं घालायचं ते.”

मी कपाटातून लाकडी नमुना काढून टेबलावर ठेवला. पाकिटावरची तारीख कुठे बघायची, कडेने कसं फाडायचं, टोकाशी थोडी जागा का सोडायची, सगळं दाखवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि अवघड वळणावर गाडी काढताना बघावं तसं पुढे वाकून बघितलं. मग म्हणाले, “सरक. मला करू दे.”

पहिलं पाकीट दाताने फाडताना आतलंही फाटलं. दुसरं उलटं चढलं, ते टाकून दिलं. ट्रकचं आणि टेम्पोचं स्टेअरिंग तीस वर्षं धरलेली ती जाड बोटं रबरावरून घसरत होती आणि ते तोंडातल्या तोंडात मी सांगितलेलं पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिसऱ्या वेळी ते अगदी नीट खालपर्यंत उतरलं. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. माझ्याकडे नाही, गंगीकडे.

“जमलं गं,” ते म्हणाले.

“जमलं की,” गंगी म्हणाली, आणि पुढे होऊन तिने माझ्यादेखत त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.